जुन्या डिझेल पिकअपला मोठा टर्बो आणि उघडा फिल्टर बसवावा का?

पिसोळीकर | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. आधी विभागात शोधलं, पण सगळे धागे पेट्रोल गाड्यांचे नाहीतर बुलेटच्या सायलेन्सरचे. म्हणून नवा काढतोय.

गाडी २०११ ची डबल केबिन डिझेल पिकअप. पिवळी पाटी, २१७९ सीसी, कॉमन रेल, व्हीजीटी टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आतल्या पात्या हलणारा). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादाला ‘ही चांगली की ती चांगली’ सुरू होतं. गंमत म्हणजे आपल्याकडच्या दोन्ही मोठ्या कंपन्यांचं २.२ लिटरचं डिझेल इंजिन बरोब्बर २१७९ सीसीचंच आहे. तेव्हा बसा ओळखत.

धंदा रोपांचा. उरुळी कांचनहून रोपं आणायची, कुंड्या, लाल माती, शेणखत भरायचं आणि सासवड, पानशेत, मुळशीकडच्या बंगल्यांवर नेऊन उतरवायचं. गाडीचे अडीच लाख किलोमीटर केव्हाच उलटलेत. पूर्वी भरल्या गाडीने बोपदेव घाट तिसऱ्या गिअरात निघायचा. आता अर्ध्यात दुसरा टाकावा लागतो आणि मागे इतका काळा धूर, की दुचाकीवाले पुढे जाताना मान वळवून बघून जातात. सपाटीला, रिकामी असताना काहीच तक्रार नाही. ॲव्हरेज थोडं पडलंय. ऑइल फारसं खात नाही.

नाना पेठेत एका ओळखीच्या दुकानात विचारलं. तो म्हणतो, मोठ्या व्हीलचा ‘हायब्रिड’ टर्बो टाका, जोडीला शंकूसारखा उघडा फिल्टर आणि जाड पाईप. सगळं मिळून पाऊण लाखाच्या आसपास. “साहेब, घाटात तिसरा काय, चौथा टाका.”

कुणी हे केलंय का? पैसे वसूल होतात का? आणि पासिंगला त्रास होतो का?

---

बूस्टबाबा | शनिवार, रात्री १०:५८

डोळे झाकून करा दादा. माझीही २१७९ वालीच. मोठा टर्बो, रिमॅप (इंजिनच्या काँप्युटरचा प्रोग्रॅम बदलणं), उघडा फिल्टर, सगळं केलंय. एक्सप्रेसवेला मोठमोठ्या एसयूव्ही मागे राहतात. फिल्टरचा आवाज तर असा येतो की खिडकी उघडी ठेवून चालवावंसं वाटतं.

आणि इंजिनात दम आहेच. याच २१७९ मधून कारखान्याने १२० हॉर्सपॉवरचीही इंजिनं काढली आणि १४० चीही. म्हणजे मार्जिन ठेवलेलं आहे. आपण फक्त ते काढून घ्यायचं.

खाली दोन हजार आरपीएमपर्यंत थोडी झोपते, हे खरं. पण एकदा उठली की मग धरवत नाही.

---

पानाबारा | रविवार, सकाळी ७:१५

पिसोळीकर, घाई करू नको. भोसरीत गॅरेज आहे माझं, रोज हेच बघतो. गाडी पूर्वी तिसऱ्यात चढायची ना? मग तोच टर्बो पुरत होता. आता का पुरत नाही ते आधी शोध. मोठा टर्बो घातला तरी जुना रोग तसाच राहणार.

हे सांग:
धूर काळाच ना? निळसर किंवा पांढरा नाही?
चढाला शिट्टी किंवा फुसफुस येते का? पूर्वीपेक्षा वेगळा आवाज?
इंजिनचा दिवा लागतो का? गाडी एकदम मरगळते आणि किल्ली बंद-चालू केली की नीट होते, असं काही?
एअर फिल्टर कधी बदलला, आणि कुठला टाकला?
इंटरकूलरच्या (टर्बोतली गरम हवा गार करतो तो) होज पाईपच्या जोडांवर बोट फिरवून बघ. काळं तेलकट ओलं लागलं तर हवा तिथूनच निघतेय समज.

काळा धूर म्हणजे डिझेल जातंय पण हवा कमी पडतेय. इंजिनाला नाक दाबून पळायला लावलंयस तू.

---

कागदकाका | रविवार, सकाळी ९:०५

पासिंगचं विचारलंत म्हणून लिहितो. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल, नाहीतरी कुणी वाचत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी आरसीतले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्याच्या पोटकलम ४ प्रमाणे परवानगीबाहेरच्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट वाचा. टर्बो एक, फिल्टर दोन, पाईप तीन असं मोजत बसणारा अधिकारी एखाद्या दिवशी भेटतोच.

तुमची गाडी मालवाहतुकीची. आठ वर्षं उलटल्यावर दरवर्षी पासिंग. दिवे गावच्या पासिंगच्या ट्रॅकवर बॉनेट उघडायला लावलं आणि आत चकचकीत लाल शंकू दिसला, की पुढचा संवाद मी इथे लिहीत नाही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी बाहेर येतो, हेही ध्यानात असू द्या.

मूळ मापाचा टर्बो बदलणं म्हणजे दुरुस्ती. त्याला कुणाचाच आक्षेप नाही.

---

बूस्टबाबा | रविवार, सकाळी ९:३०

काका, माझी पांढरी पाटी आहे, आजवर कुणी बॉनेट उघडलेलं नाही. (हलके घ्या.)

---

ज्वाला | रविवार, दुपारी १२:२०

मी इंजिन टेस्टिंगमध्ये काम करते, म्हणून जरा लांब लिहितेय. पिसोळीकर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बूस्टबाबांच्या शेवटच्या ओळीतच आहे. ‘खाली दोन हजारांपर्यंत झोपते.’ भरल्या गाडीने बोपदेव चढताना तुमचं इंजिन किती आरपीएमवर असतं? पंधराशे ते बावीसशे. म्हणजे तुम्हाला जिथे ताकद हवी, नेमकी तिथेच ती कमी होणार आणि जिथे तुम्ही कधी जात नाही तिथे वाढणार. एक्सप्रेसवेवर रिकामं पळायचं असेल तर हिशेब वेगळा.

आता ‘मोठा टर्बो म्हणजे जास्त ताकद’ का नाही, ते. डिझेल इंजिनात ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं जातं यावर. हवेचं काम ते पूर्ण जाळायचं. हिशेबाने एक किलो डिझेलला साडेचौदा किलो हवा लागते, पण सिलिंडरमध्ये सगळं मिसळायला वेळच मिळत नसल्याने प्रत्यक्षात अठराच्या खाली गेलं की धूर दिसायला लागतो. तुमच्या गाडीत किती डिझेल सोडायचं आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपात) किती दाब ठेवायचा, हे ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या काँप्युटरच्या, नकाशात लिहिलेलं आहे. व्हीजीटीच्या आतल्या हलत्या पात्या उघड-बंद करून ईसीयू तो दाब गाठतो. तुम्ही मोठं व्हील घातलंत तरी ईसीयू तेवढाच दाब मागणार आणि तेवढंच डिझेल सोडणार. ताकद तीच, फक्त उशिरा. मागितलेला दाब वेळेत मिळाला नाही तर पी०२९९ हा बिघाडाचा कोड, जास्त झाला तर पी०२३४, आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कापून कशीबशी चालणार.

रिमॅप केला तर डिझेल वाढेल. पण वाढलेलं डिझेल चढावर सलग पाच-सात मिनिटं जळत राहिलं की एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बाइनच्या आधी सातशे, साडेसातशे अंशांच्या पुढे ते बराच वेळ राहिलं तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनचं काही खरं नाही. रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही, कारण कुणी दहा सेकंदांपेक्षा जास्त पाय दाबून ठेवत नाही. माती भरलेल्या पिकअपमध्ये तो दाबलेलाच असतो. शिवाय अडीच लाख चाललेला क्लच आणि गिअरबॉक्स आहेतच.

फिल्टरचं तर याहून मजेशीर. ईसीयू दाब मोजतो टर्बोच्या पुढे. मागे फिल्टर चोंदला असला तरी तो पात्या आवळून, टर्बो जास्त फिरवून दाब भरून काढतो. पुणे ५६० मीटरवर, इथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. समजा, मॅनिफोल्डमध्ये २१५ हवेत. फिल्टर साफ असेल तर टर्बोला सव्वादोन पटीचं काम. फिल्टरमध्ये ६ किलोपास्कल गेले तर तेच काम २.४ पटीच्या वर जातं. म्हणजे चोंदलेला फिल्टर सपाटीला कळतच नाही. टर्बो गुपचूप भरपाई करत राहतो आणि घाटात त्याची हद्द संपली की धूर येतो. तुमच्या गाडीचं वर्णन अगदी तसंच आहे.

आणि उघडा शंकू बॉनेटखालची गरम हवा ओढतो. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६५ असेल तर हवा नऊ टक्के विरळ. इंटरकूलर त्यातलं काही भरून काढतो, सगळं नाही. कंपनीचा प्लॅस्टिकचा डबा आणि समोरून हवा घेणारी त्याची सोंड दिसायला गबाळी असते, पण ती विचार करून तिथे ठेवलेली आहे.

---

बूस्टबाबा | रविवार, दुपारी १२:४१

ताई, एवढं वाचून माझाच टर्बो झोपला. पण गरम हवेचा मुद्दा मान्य. मी शंकूभोवती पत्र्याची पेटी करून घेतलीये.

---

ज्वाला | रविवार, दुपारी १:१०

पेटी केलीत ते उत्तम. म्हणजे फिरून पुन्हा डबाच झाला की. :)

---

पानाबारा | रविवार, दुपारी ३:००

ताईंनी शास्त्र सांगितलं, मी हाताने करायचं सांगतो. दोन टेस्ट. खर्च शे-दोनशे रुपये.

पहिली, फिल्टरची. गवंडी लेव्हल लावायला वापरतात ती पारदर्शक नळी घे, चार-पाच मीटर. लांब लाकडी पट्टीवर इंग्रजी यू सारखी उभी बांध. दोन्ही भुजा मीटरभर तरी हव्यात. अर्ध्यापर्यंत पाणी भर, रंगासाठी चिमूटभर कुंकू टाक. एक टोक उघडं ठेव. दुसरं टोक फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाईपला जोड. बऱ्याच डब्यांना तिथे छोटी निपल असते, रबरी टोपी घातलेली. मध्ये एक रिकामी बाटली घालायची, म्हणजे चुकून पाणी ओढलं गेलं तर बाटलीत पडेल, टर्बोत जाणार नाही. पट्टी मागच्या सीटवर उभी धरायला माणूस बसव. बघायचं त्याने, तू गाडी चालव. भरल्या गाडीने बोपदेवला पाय पूर्ण दाबला की दोन भुजांमधल्या पाण्यात किती इंचाचा फरक पडतो ते बघ. नव्या फिल्टरला दहा-पंधरा इंच. पंचवीसला बदला, असं मोठ्या डिझेल इंजिनांच्या पुस्तकात असतं. फिल्टर हातात घेऊन, उन्हात धरून, आपटून काही कळत नाही. पाणी खोटं बोलत नाही.

दुसरी, गळतीची. इंजिन बंद. फिल्टरकडून टर्बोत येणारा पाईप काढ. टर्बोच्या तोंडाला बसेल असं पीव्हीसीचं एंड कॅप आण, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसव, रबराच्या तुकड्याने आणि क्लॅम्पने आवळ. इंजिनची वाफ ज्या ब्रीदर पाईपने येते ते तोंड आठवणीने बंद कर, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये जाऊन सील बाहेर यायचे. पंक्चरवाल्याचा काँप्रेसर लाव, १५ पीएसआयच्या वर जायचं नाही. मग साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर, होजच्या पोटाकडून, इंटरकूलरच्या कडांना. फेस कुठे येतो बघ.

हे दोन करून ये. मग टर्बोकडे बघू.

---

अवांतरे | रविवार, सायंकाळी ५:३०

अवांतर: पिसोळीकर, सोनचाफ्याचं कलम सध्या काय भावाने देताय? गच्चीत मोठ्या कुंडीत येईल का?

अतिअवांतर: एवढा खटाटोप करण्यापेक्षा गाडी काढून नवी घ्या ना. पंधरा वर्षं झालीच.

---

पिसोळीकर | रविवार, रात्री ९:१५

अवांतरे, चाफा गच्चीत येतो, वीस इंची कुंडी घ्या, व्यक्तिगत निरोप करा. नवीचा हप्ता तुम्ही भरणार असाल तर उद्याच काढतो.

पानाबारा दादा, धूर काळाच. दिवा लागत नाही. चढाला बारीक फुसफुस येते, मला वाटत होतं आवाज टर्बोचाच. फिल्टर मागच्या सर्व्हिसला टाकलाय. कुठला ते डब्यात बघून सांगतो. नळी आमच्या बांधकामवाल्याकडून आणतो.

---

कोंढवेकर | सोमवार, सकाळी ८:२०

माझ्याकडेही तसलीच गाडी. आमच्या फिटरने ट्रॅक्टरच्या सायलेन्सरशेजारी असते ना, ती मशरूमसारखी टोपी, धूळ गोल फिरवून बाहेर टाकणारी, ती सोंडेवर बसवायला सांगितलीये. मातीचं काम असेल तर भारी, म्हणतो. घालू का?

---

ज्वाला | सोमवार, दुपारी १:४५

कल्पना चांगली, माप चुकीचं. अडीच लिटरचा बिनटर्बोचा ट्रॅक्टर दोन हजार आरपीएमवर मिनिटाला दोन हजार लिटरच्या थोडी वर हवा ओढतो. तुमचं २.२ लिटरचं इंजिन तीन हजारांवर, टर्बो भरात असताना, पाच हजारांच्या वर. म्हणजे दोन ते अडीच पट. ट्रॅक्टरची टोपी लावलीत तर धूळ अडेल आणि हवाही अडेल. मोठ्या मापाची प्री-क्लीनर टोपी मिळते, तिच्यावर हवेचा आकडा लिहिलेला असतो तो बघून घ्या. आणि लावल्यावर पानाबारा दादांची पाण्याची नळी परत एकदा.

तेल लावलेल्या कापडी फिल्टरबद्दल कुणी विचारायच्या आत: जास्त तेल लागलं तर ते हवेबरोबर उडून एअर मास सेन्सरच्या तारेवर बसतं आणि ईसीयूला हवा चुकीची मोजली जाते. मातीत काम करणाऱ्या गाडीला साधा कागदी फिल्टर, चांगल्या प्रतीचा, वेळेवर बदललेला, याहून बरं काही नाही.

---

पिसोळीकर | गुरुवार, रात्री १०:०५

दोन्ही टेस्ट झाल्या. सविस्तर लिहितो, कारण मला असं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

पाण्याची नळी: मागे भाचा पट्टी धरून बसला. येवलेवाडी सोडून चढ लागला तसा तो एकेक आकडा ओरडायला लागला. बावीस, पंचवीस, अठ्ठावीस. वरच्या मोठ्या वळणाच्या अलीकडे दुसऱ्यात पाय पूर्ण दाबला तेव्हा एकतीस इंच. तिथेच धूर सुरू झाला.

खाली उतरून फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर बाहेरून तेवढा वाईट दिसत नव्हता. पण त्याची रबरी कड डब्याच्या खोबणीत पूर्ण बसतच नव्हती. दीड-दोन मिलिमीटर आखूड माल. डब्याची एक क्लिप तुटलेली, तिथे कुणीतरी तार बांधलेली. झाकणाच्या आत, म्हणजे जिथे स्वच्छ हवा असायला पाहिजे त्या बाजूला, बोट फिरवलं तर बोट लाल. पिठासारखी बारीक माती. पुढे पाईप काढून टर्बोच्या तोंडात बॅटरी मारली. काँप्रेसर व्हीलच्या पात्यांच्या पुढच्या कडा सरळ असायला हव्यात, त्या झिजून गोल झाल्यात आणि चांदीसारख्या चकाकतायत. इतके दिवस आपण भरलेली माती गाडी खातही होती.

साबणाचं पाणी: टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या गरम बाजूच्या होजला, वाकाच्या पोटाला, वरून दिसतच नाही अशा जागी, बोटभर लांबीची चीर. दाब नसताना ती मिटलेली असते. दहा पीएसआयला उघडली आणि भसाभसा फेस. फुसफुस म्हणजे हीच होती.

दोन्ही बाजूंनी मार. मागून हवा ओढवत नाही, पुढून निसटतेय.

---

पानाबारा | शुक्रवार, सकाळी ६:५०

झकास. आता टर्बो काढावाच लागणार, कारण पात्या खाल्लेल्या आहेत. शाफ्ट हाताने हलवून बघ. आडवा अगदी किंचित हलणारच, ऑइलवर तरंगतो तो. पण आत-बाहेर ओढल्यावर जाणवण्याइतका हलला तर थ्रस्ट बेअरिंग गेलं.

पूर्ण नवा घ्यायची गरज नसेल. हाउसिंगला चीर नसेल तर मूळ मापाचा कोअर (मधला शाफ्ट आणि चाकांचा भाग) बसतो. कोअर घेताना बॅलन्सिंगची स्लिप माग. लाख-दीड लाख आरपीएमने फिरणारी वस्तू आहे, अंदाजपंचे चालत नाही. व्हीजीटीच्या पात्या काजळीने जाम असतील, त्या साफ करून घे, पण बाहेरच्या बाजूला तो छोटा स्क्रू असतो, सील केलेला, त्याला कुणाला हात लावू देऊ नको. तो फ्लो बेंचवर लावतात. पाना घेऊन ‘थोडा आवळून देतो, पिकअप वाढेल’ म्हणणारे लई आहेत.

ॲक्चुएटरला (पात्या हलवणारी डबी) हातपंपाने व्हॅक्यूम देऊन बघ, दांडी सरकन आत जाऊन सरकन बाहेर आली पाहिजे, मध्ये अडखळता कामा नये. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या पंधरा वर्षांच्या आहेत, सगळ्या बदल. पन्नास-शंभराचं काम.

ऑइलचा सप्लाय पाईप नवा घाल. जुन्यात कार्बन असतो, नवा कोअर तोच खातो. बसवल्यावर कोअरमध्ये सिरिंजने ऑइल भर, इंजेक्टरचे कनेक्टर काढून दोन-तीनदा नुसता सेल्फ मार, मग सुरू कर. आणि इंटरकूलर उतरवून आतून धुऊन पूर्ण वाळव. आत ऑइल साचलेलं असतं. ते एकदम इंजिनात गेलं तर इंजिन डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, स्वतःचं ऑइल जाळत पळत सुटतं. मी एकदा पाहिलंय. हवेचं तोंड फळीने दाबून बंद करावं लागतं.

---

कागदकाका | शुक्रवार, सकाळी १०:३०

पीयूसीबद्दल एक. पुण्यात बीएस-४ (गाड्यांच्या धुराचं मानक) एप्रिल २०१० पासून लागू होतं, देशातल्या पहिल्या १३ शहरांत आपण होतो (सोलापूरही). तुमची आरसी बीएस-४ ची असेल तर धुराची मर्यादा १.६२ प्रति मीटर. त्याआधीच्या गाड्यांना २.४५. बाहेरगावाहून आणलेली २०११ ची गाडी बीएस-३ सुद्धा असू शकते, तेव्हा कागद बघा.

---

ज्वाला | शुक्रवार, दुपारी २:००

काकांच्या माहितीत भर. पीयूसीला गाडी उभी असते, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धूर मोजतात. तिथे टर्बोवर भारच येत नाही. त्यामुळे पीयूसी पास आणि घाटात काळा धूर, हे दोन्ही एकाच गाडीत असू शकतं. पास झाली म्हणजे इंजिन ठीक, असं समजू नका.

दादा, टर्बो उतरवलाच आहे तर इनटेक मॅनिफोल्डही बघून घ्या. ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या व्हॉल्व्हची) काजळी आणि ब्रीदरचं ऑइल मिळून आत डांबरासारखा थर बसतो, तोंडं अर्धी होतात. साफ करा. ईजीआरला पट्टी मारून बंद करू नका, कुणी सुचवेलच.

---

बूस्टबाबा | शुक्रवार, दुपारी २:०६

मी सुचवणारच होतो. गप्प बसतो.

---

पिसोळीकर | पुढचा मंगळवार, रात्री ९:५०

काम झालं. मूळ मापाचा कोअर, स्लिपसकट. शाफ्ट आत-बाहेर हलत होता, म्हणजे तो जाणारच होता. व्हीजीटीच्या पात्या अर्ध्यात अडकत होत्या, साफ केल्या, स्क्रूला हात नाही. फिल्टरचा डबा नाना पेठेतच जुना पण अखंड मिळाला, चारही क्लिपांसकट. फिल्टर कंपनीचा, कड खोबणीत बसल्यावर टक् आवाज येतो. होज जाड कापडी थरांचा सिलिकॉनचा, मूळ आकाराचाच. मॅनिफोल्डमधून काजळीचा अक्षरशः वाटीभर चिखल निघाला. सगळं मिळून त्या पाऊण लाखाच्या निम्म्याच्या आत.

काल सासवडला कुंड्या घेऊन गेलो, गाडी आरसीतल्या मर्यादेइतकी भरलेली. बोपदेव तिसऱ्यात. फक्त मोठ्या वळणाला दुसरा, तो पूर्वीही लागायचाच. गिअर बदलताना किंचित धूर, बाकी आरसा स्वच्छ. पाण्याची नळी पुन्हा लावली होती, तेरा इंच. भाच्याला आता कंटाळा आलाय.

बूस्टबाबा, चौथा नाही पडला. पण मला तो कुठे टाकायचा होता?

---

बूस्टबाबा | मंगळवार, रात्री १०:१५

अभिनंदन दादा. बाय द वे, ती पाण्याची नळी माझ्या शंकूला लावून बघितली. नऊ इंच. म्हणजे हवा मोकळी येते हे तरी सिद्ध झालं.

---

ज्वाला | मंगळवार, रात्री १०:३२

येतेच. आता एकदा ऑइल बदलताना जुन्याचा नमुना लॅबला द्या, त्यात सिलिकॉन, म्हणजे धूळ-माती, किती ते बघा. हवेबरोबर काय काय येतं ते त्यात दिसेल.

---

कोंढवेकर | बुधवार, सकाळी ८:००

मी शनिवारी नळी लावतोय. बोपदेवला मागच्या सीटवर पट्टी घेऊन कुणी दिसलं तर तो मी.

---

पानाबारा | बुधवार, सकाळी ८:४०

पिसोळीकर, पाच-सहाशे किलोमीटर झाले की सगळे क्लॅम्प गार इंजिनावर एकदा परत आवळ, सिलिकॉनचा होज बसतो थोडा. घाट चढून वर चहाला थांबलास की लगेच किल्ली फिरवू नको, मिनिटभर तशीच चालू ठेव. ऑइल १५डब्ल्यू-४० च टाक, डब्यावर सीआय-४ प्लस लिहिलेलं.

आणि जुना कोअर दुकानदाराकडून परत मागून घेतलास ना? पुसून, रंग मारून दुसऱ्याला विकतात.

---

पिसोळीकर | बुधवार, सकाळी ९:१०

घेतला. सीटखाली पडलाय. शनिवारी भोसरीत येतोय, तुमच्या हवाली करतो. येताना अवांतऱ्यांचा चाफा पण घेऊन येतो, ते चिंचवडचे निघाले.